टायमरमधली चूक

मला राग लवकर येतो आणि तो तोंडानं कमी, लिहिण्यातून जास्त निघतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. तेव्हा माझा बराचसा राग फ्लॉपीवर टाइप होऊन पोस्टानं साताऱ्याला जायचा.

साताऱ्याला माझा मित्र राहायचा. कराडच्या कॉलेजात आम्ही बरोबर होतो, मलकापुरातल्या एका खोलीत एकमेकांचे टॉवेल वापरत तीन वर्षं काढलेली. तो मूळचा म्हसवडकडचा. आई लहानपणीच गेलेली, वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि साताऱ्यात दोन खोल्या बांधून राहिलेले. कॉलेज संपल्यावर त्याला शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली, मी सांगलीला घरी परतलो. पण कॉलेजात सुरू केलेला एक उद्योग आम्ही दोघांनीही सोडला नाही.

तो उद्योग म्हणजे एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. फाइल उघडणं, कळ दाबली गेली का ते बघणं, वेळ मोजणं असली बारीकसारीक कामं प्रोग्राम लिहिणाऱ्याला मशीनकडून करून घ्यावी लागतात, आणि प्रत्येक जातीच्या मशीनची तऱ्हा वेगळी. आम्ही ही सगळी कामं एकदाच नीट लिहून ठेवत होतो. वापरणाऱ्यानं वरून एकच हाक मारायची, खाली मशीन डॉसवर चालणारं असो की लिनक्सवर, काम सारखंच झालं पाहिजे. आणि हे सगळं फुकट वाटायचं, आतल्या कोडसकट. फुकट का, यावरून मी त्याच्याशी भांडलो होतो. तो म्हणाला, "आमच्याकडं पाण्याची एवढी बोंब, पण आडावर आलेल्याला कोण न्हाई म्हनत न्हाई गड्या." मी रागानं दोन दिवस त्याच्या टॉवेलला हात लावला नाही.

डॉस माझ्याकडे, लिनक्स त्याच्याकडे, अशी वाटणी होती. इंटरनेट आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. त्याच्या घरी फोन नव्हता, आणि कारखान्यात फोन केला की त्याला साहेबाची बोलणी बसायची. म्हणून फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाकिटातून पाठवायची. मी नवं कोड आणि एक चिठ्ठी पाठवायचो. चिठ्ठी मराठीत पण रोमन अक्षरांत, कारण दुसरी सोय नव्हती. त्यानं असं करून ठेवलं होतं की फ्लॉपी घालून एकच आज्ञा दिली की आधी माझी चिठ्ठी पडद्यावर यायची, मग कोड तयार व्हायचं, मग सगळ्या चाचण्या एकामागून एक होऊन त्यांचे निकाल फ्लॉपीवर लिहिले जायचे. त्याखाली तो स्वतःच्या चार ओळी टाकायचा. तीच फ्लॉपी आठवड्याभरात माझ्याकडे परत. तो भयंकर पद्धतशीर होता. माझा पत्ता घातलेली पाकिटं त्यानं एका रविवारी बसून गठ्ठ्यानं लिहून ठेवली होती, म्हणजे दर वेळी लिहायला नको.

चाचण्यांतली एक टायमरची होती. पडद्यावर प्रश्न यायचा, "पुढं जाऊ का?" माणसानं कळ दाबेपर्यंत किती सेकंद गेले ते लायब्ररीनं मोजायचं आणि लिहून ठेवायचं. हा प्रश्न त्यानं घातला होता. परीक्षेच्या दिवसांत तो मोठ्यानं नोट्स वाचायचा, मी पडून ऐकायचो, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी तो थांबून विचारायचा, "पुढं जाऊ का?" मला झोप लागली की नाही ते बघायची ती त्याची युक्ती होती. टायमरचा निकाल नेहमी दोन सेकंद, फार तर तीन. पुण्यात एका ओळखीच्या माणसाकडे इंटरनेट होतं. त्यानं आमची लायब्ररी जगासाठी ठेवायचं कबूल केलं होतं, पण जूनमध्ये तो कायमचा परदेशी जाणार होता. त्याआधी सगळं चोख करून त्याच्या हातात द्यायचं, दोघांच्या नावानं, एवढंच आमचं ठरलेलं होतं.

फाल्गुनात माझ्या बहिणीचं लग्न झालं. लग्नाच्या गडबडीतच मी एक फ्लॉपी पाठवली होती. लग्नाला तो आला नाही याचा मला राग होता. मांडव उतरल्यावर आठ दिवसांनी त्याचं पाकीट आलं. सगळ्या चाचण्या पास. फक्त टायमरच्या ओळीत आकडा होता सहाशे सदतीस.

दोनच्या जागी सहाशे सदतीस सेकंद. दहा मिनिटांच्या वर. त्याच्या नेहमीच्या चार ओळींची जागा मोकळी होती.

मी टायमरचं कोड फाडून पुन्हा लिहिलं. वेळ मोजण्यात डॉस आणि लिनक्सचं जमत नाही हे आम्हाला माहीत होतं. एक साधी चूक सगळेच करतात, तिच्यात लिनक्सवाला प्रोग्राम फक्त स्वतः राबला तेवढाच वेळ मोजतो, वाट बघण्यातला वेळ धरतच नाही. पण त्या चुकीनं आकडा कमी यायला हवा. इथं तो फुगत होता. पुढच्या फ्लॉपीवर पाचशे नव्वद. त्याच्या पुढच्या वेळी सातशे चार. बाकी चाचण्या पटापट झालेल्या, आणि त्या एकाच प्रश्नापाशी काहीतरी दहा-बारा मिनिटं खोळंबून राहायचं, मग पुढं जायचं. मला स्वप्नातसुद्धा आकडे दिसायला लागले.

त्याच सुमारास आई विचित्र वागायला लागली. पोस्टमन दुपारी यायचा. एरवी ती माझी पाकिटं आणून टेबलावर ठेवायची. आता साताऱ्याचं पाकीट ती हातात घेईना. पोस्टमनला म्हणायची, ठेव तिथं कट्ट्यावर, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर वीट ठेवायची. मी क्लासवरून जेवायला आलो की भर उन्हात कट्ट्यावर विटेखाली पाकीट, आणि आई दाराच्या आत, चौकटीला धरून उभी. मी पाकीट उचलून आत आलो की ती मला उंबऱ्याच्या बाहेरच थांबवायची, मूठभर मीठमोहऱ्या माझ्यावरून उतरायची आणि चुलीत टाकायची. तडतड आवाज व्हायचा. ती तो कान देऊन ऐकायची.

"ह्ये काय नवीन?" मी विचारायचो.

"दिष्ट लागती कामाला," ती म्हणायची आणि पाकिटाकडे न बघता ताट वाढायला जायची.

पाकिटांनाही वास यायला लागला होता, उदबत्तीचा. पहिल्यांदा मला वाटलं, पोस्टात शेजारी कुठलं तरी पार्सल असेल. मग एक फ्लॉपी वाचलीच जाईना. मशीन घरघरत राहिलं. मी फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आत बघितलं, तर काळ्या चकतीवर राखाडी भुकटी. बोटाला लागली ती मऊ होती. मी ती फुंकून काढली, चकती पुसली, चौथ्या खेपेला फ्लॉपी वाचली गेली. टायमर: सहाशे ऐंशी. मी मागं वळून बघितलं तर आई दारात उभी होती आणि माझ्या बोटाकडे बघत होती.

"हात धू," ती म्हणाली. "आधी हात धू."

मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण माझी भीती रागाच्या रूपातच बाहेर पडते. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासात बसून मी चिठ्ठी टाइप केली. लग्नाला आला नाहीस, एक ओळ लिहीत नाहीस, फ्लॉपीवर राख सांडतोस, सिगारेट ओढायला लागलास की काय, जून आला, टायमर बोंबलतोय. शेवटी लिहिलं, "अरे, मेलास का?" आपल्याकडे हे कोणीही कोणालाही म्हणतं. फोन उचलला नाही, हाकेला ओ दिली नाही, की मेलास का. मी पाकीट बंद केलं आणि पोस्टात टाकलं. राग गेला नव्हता, म्हणून चार-पाच दिवसांनी मागोमाग दुसरीही फ्लॉपी धाडली, नुसतं कोड, चिठ्ठी नाही.

आठवड्यानं फ्लॉपी परत आली. टायमरच्या ओळीत आकडा होता अकराशे बारा. आणि त्याखाली, कितीतरी आठवड्यांनी, त्याच्या चार ओळींच्या जागी पहिल्यांदाच काहीतरी लिहिलेलं होतं. दोनच रोमन अक्षरं, कॅपिटलमध्ये: HO.

मी हसलो. बरं झालं, निदान चेष्टा तरी करतोय, असं मला वाटलं. आईला हाक मारून सांगितलंसुद्धा, की मी विचारलं मेलास का, तर म्हणतो हो. आई तिथंच पाटावर बसली.

मी ठरवलं की आता समोरासमोर बसल्याशिवाय ही चूक सापडायची नाही. टायमरच्या चाचणीतून तो प्रश्नच काढून टाकायचा. कळ दाबायलाच नको, लायब्ररीनं आपली पाच सेकंद थांबून मोजावं, संपला विषय. तसं नवं कोड एका फ्लॉपीवर घेतलं, खिशात टाकलं आणि पायात चपला घातल्या. आई दाराला आडवी झाली.

"जाऊ नगं," ती म्हणाली. "त्यो न्हाई."

"न्हाई म्हंजे? सुट्टी काढून गावाला गेलाय व्हय?"

मग तिनं सांगितलं. बहिणीला हळद लागली त्या दिवशी दुपारी एक पोस्टकार्ड आलं होतं. वर श्री नाही, एक कोपरा फाडलेला. असं कार्ड आलं की कोणीतरी गेलेलं असतं हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं, आणि ते वाचून लगेच फाडायचं असतं, उंबऱ्याच्या आत आणायचं नसतं. आई चौथी शिकलेली. तिनं उभ्या उभ्या वाचलं. साताऱ्याचा तुमचा मित्र काविळीनं वारला, असं दोन ओळींत त्याच्या वडिलांनी लिहिलं होतं. घरात हळदीचं अंग, दारात मांडव. तिनं कार्ड फाडून तुकडे गटारीत टाकले आणि ठरवलं, लग्न पार पडलं की सांगू.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगनार व्हते. तवर त्येचं पाकीट आलं." आईचा आवाज अगदी खाली गेला होता. "त्येच्याच हातचं अक्षर. मला वाटलं, आपनच कार्ड चुकीचं वाचलं. मग दुसरं आलं. मग त्यो वास. मग ती राख." ती थांबली. "तुला सांगितलं असतं तर तू त्येला उत्तर धाडायचं बंद केलं असतंस. उत्तर न्हाई मिळालं, तर त्यो हितं आला असता. पाकिटावर पत्ता त्यानंच लिवलाय की रं."

 साडेतीन महिने ती दर आठवड्याला विटेखाली एका मेलेल्या माणसाचं पाकीट ठेवत होती आणि मुलाला त्याला उत्तर पाठवू देत होती, तो साताऱ्यातच राहावा म्हणून. आणि मला, एवढं शिकलेल्या माणसाला, तिला वेड्यात काढता येईना. आत टेबलावर काल आलेली फ्लॉपी होती. तिच्यावर मी आठवड्यापूर्वी लिहिलेलं कोड साताऱ्यात चालवल्याचा निकाल होता, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

सकाळच्या गाडीनं निघालो. कराडच्या अलीकडे मलकापूरचा आमच्या खोलीकडे जाणारा रस्ता खिडकीतून दिसला आणि मी मान दुसरीकडे वळवली. गाडीत ऊन येत होतं, लोक शेंगा खात होते. सगळं इतकं साधं होतं की त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो जिवंत निघाला तर आईला काय सांगू, आणि नसेल तर दार कोण उघडेल, याच्या पलीकडे डोकं चालत नव्हतं.

दार त्याच्या वडिलांनी उघडलं. त्यांना मी एकदाच, कॉलेजात, लांबून बघितलं होतं. पांढरा सदरा, दाढी गुळगुळीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सांगली?" एवढंच विचारलं.

"हो, काका."

"या. टायमावर आलात. फ्लॉपी घातलीया."

आतल्या खोलीत मशीन चालू होतं. शेजारी त्याचा फोटो, ताजा हार, खाली उदबत्ती. उदबत्तीच्या पुढ्यात एक रिकामं पाकीट माझ्या पत्त्यासह, त्याच्या अक्षरातलं. मशीनच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला, त्याच्याच हातचा. एक: फ्लॉपी घाला. दोन: हे टाइप करा. तीन: थांबा. चार: विचारेल, तेव्हा कुठलीही कळ दाबा. पाच: खाली काही लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर नुसतं एंटर. सहा: दिवा विझला की काढा. शिफ्टमुळे त्याला यायला उशीर व्हायचा तेव्हासाठी त्यानं तो वडिलांकरता लिहिला होता. मी खुर्चीत बसलो.

काका उभेच होते. "दवाखान्यात म्हनला, आबा, सांगलीची फ्लॉपी आली की घालायची, उशीर झाला की त्यो लय चिडतो." ते जरासे हसले. "म्या तुमाला कार्ड टाकलं. तुमचं पत्र न्हाई आलं. फ्लॉपी आली. म्हटलं, ह्यो गडी काम थांबवायचा न्हाई. मग म्या तरी कशाला थांबवू? आलेली फ्लॉपी त्येच्या म्होरं एक रात ठेवतो, सकाळी धाडतो."

कार्ड माझ्या हातात पडलंच नाही, आईनं फाडलं, हे मी सांगितलं. सगळं सांगितलं, हळदीपासून. त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला.

"म्हंजे त्या चिठ्ठ्या तुमी त्येलाच लिवल्या व्हत्या."

"तुम्ही वाचल्या?"

"पलटनीत आमाला रोमन शिकवायचे. हळूहळू वाचतो." त्यांनी फोटोकडे बघितलं. "मला वाटलं, म्या बसून बोलतो तसं तुमी बी त्येच्याशी बोलताय. आन् शेवटी तुमी सरळ इचारलं. इचारल्यावर रिपोर्ट द्यायाच पायजे. मला येक तासाभरानं लिवता आलं, दोनच अक्षरं."

मी चेहरा हातांत झाकला. मी आयुष्यात बऱ्याच जणांना टाकून बोललो आहे, पण त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते.

"काका, मला क्षमा करा."

"आवं, त्यात काय. तुमाला ठाव न्हवतं." त्यांनी माझ्या खिशातून डोकावणाऱ्या फ्लॉपीकडे बोट केलं. "ही नवी? हिच्यात काय बदललंय?"

मी ती खिशात खोल ढकलली. ते माझ्या उत्तराची वाट न बघता बोलत राहिले. "काय बी बदला. आमाला त्यातलं कळत न्हाई. फकस्त त्यो इचारतो तेवढं राहू द्या. घरात दुसरं कोन काय इचारत न्हाई."

त्यांनी एंटर दाबलं. काळ्या पडद्यावरून हिरव्या ओळी सरकत गेल्या. आमच्या दोन वर्षांच्या कामाची नावं एकेक करून आली, प्रत्येकीपुढे पास. मग सगळं थांबलं. पडद्यावर एकच ओळ उरली, तिच्यापुढे चौकोन लुकलुकत होता.

पुढं जाऊ का?

काका स्टुलावर बसले, हात मांडीवर, पाठ ताठ. उदबत्तीची राख वाकली आणि पाकिटावर पडली. त्यांनी कळ दाबली नाही, आणि मला कळलं की ते दर आठवड्याला असेच बसत होते. मला मलकापूरची खोली आठवली, पानाच्या शेवटी थांबलेला त्याचा आवाज आठवला, आणि आळसानं मी कितीदा त्याला उत्तरच दिलं नव्हतं तेही आठवलं. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला.

"आज तुमी दाबा," काका हळूच म्हणाले.

मी बोट कळीवर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. खिशातली दुसरी फ्लॉपी मी बाहेर काढली नाही, ती नंतर कधीच कुठल्या मशीनमध्ये गेली नाही. शेवटी मी कळ दाबली आणि पडद्यावर आकडा आला: सहाशे एक्कावन्न सेकंद. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. टायमरमध्ये चूक नव्हती.